मदत हवी आहे: टीव्हीवर चित्र येतंय, आवाज लॅपटॉपमध्येच

नमस्कार मंडळी. फोंड्याच्या घरी विंडोज १० चा लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलाय. चित्र झकास, पण आवाज लॅपटॉपच्याच पिचक्या स्पीकरमधून. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं तर यादीत टीव्हीचं नावच नाही. केबल बदलली, टीव्हीचं दुसरं पोर्टही पाहिलं, तेच. जुन्या व्हीजीए केबलमधून (फक्त चित्राची) आवाज जात नाही हे ठाऊक आहे, पण एचडीएमआयमधून जातो ना? मग ड्रायव्हर नव्याने टाकायचा का, आणि कोणता, ग्राफिक्सचा की साउंडचा? हेडफोनच्या जॅकमधून साउंडबारला वायर ओढता येईल, पण आई येता-जाता त्यात पाय अडकवणार हे नक्की. मिराकास्टवर, म्हणजे वायरशिवाय टीव्हीवर पाठवला, तर सिनेमा अडखळतो. चवथीला सगळी भावंडं जमतील, त्याआधी लावायचंय. कुणी सांगेल का?