पेटंट तुमच्या नावावर, पण परवान्यावर सही दुसऱ्याची

इचलकरंजीकर: काल इथे एकाने लिहिलं, "एकट्या माणसाला पेटंटच्या ऑनलाइन अर्जाला १६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८०००. सरकारने दार उघडलंय, आपलेच लोक आळशी." वाचून डोकं फिरलं. १६०० वर भागतं का? तपासणीचे ४००० वेगळे, तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण, आणि अर्ज लिहून देणाऱ्याची फी या सगळ्याहून कितीतरी जास्त. तरी खरा घात पैशात नाही, मालकीत आहे. माझ्या मामांनी यंत्रमागासाठी एक सुधारित जोडणी बनवली. पैसे लावणाऱ्या कारखानदाराने अर्जात स्वतःचंही नाव घातलं. पेटंट मिळाल्यावर पेटंट कायद्याचं कलम ५० कळलं. दोघांचा हिस्सा सारखा. कारखानदार हवी तेवढी जोडणी बनवून विकतो, मामांना एक रुपया द्यायला बांधील नाही. मामांकडे ना शेड, ना भांडवल. दुसऱ्याला ती बनवायचा परवाना द्यायचा तर त्याच कारखानदाराची संमती हवी. स्वतःचा हिस्सा विकायचा तरी तीच.

एजंट_पुणे: अर्धंच कलम सांगताय. 'वेगळा करार नसेल तर' ही अट त्याच कलमात आहे. स्टॅम्पपेपरवर रॉयल्टी लिहून घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता. आणि कारखानदाराने नाव न लावता पैसे का घालावेत? जोखीम त्याचीही होती. लोक आम्हा पेटंट एजंटांची फी वाचवतात आणि मग कायद्याला शिव्या देतात.

इचलकरंजीकर: ज्याला उद्याचं घर चालवायचंय तो अटी घालत बसत नाही. समोरचा जिथे बोट ठेवेल तिथे सही करतो. तुम्ही कधी तसे बसला आहात का कुणासमोर?

रात्रपाळी: मामांचं निदान मालक म्हणून नाव तरी लागलं. आमच्या नेमणूकपत्रातच ओळ असते, जे शोधाल ते कंपनीचं. मी बनवलेल्या फिक्स्चरच्या (यंत्रावर काम पकडून ठेवणारं साधन) अर्जात शोधक मी, मालक कंपनी. मला मिळालं प्रमाणपत्र. जर्मनीत १९५७ पासून कायदा आहे, कंपनीने नोकराचा शोध घेतला तर मोबदला द्यावाच लागतो. जपानमध्ये निळा एलईडी बनवणारे नाकामुरा मोबदल्यासाठी कंपनीविरुद्ध कोर्टात गेले, २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. आपल्या पेटंट कायद्यात यावर कलमच नाही.

झाडीपट्टी: आणि शेतकऱ्याचं काय? आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. लोंब्या निवडून निवडून एचएमटी धान त्यांनी तयार केलं. बियाणं पेटंटमध्ये बसतच नाही. पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) नमुना नेला आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' काढलं. पिकांच्या वाणांवर हक्क देणारा कायदा आला २००१ मध्ये. २०१८ ला दादाजी गेले, आजारपणात घरच्यांना मदत मागावी लागली.

बांधावरचा: बियाण्यावर पेटंट हवंय? उद्या घरचं बी पेरायलाही कंपनीला विचारायचं का? माझ्या वडिलांनी एचएमटी शेजाऱ्याकडून आणून पेरलं, एक पैसा न देता. असंच ते गावोगाव गेलं. २००१ च्या कायद्याने बी राखायचा, पेरायचा, द्यायचा-घ्यायचा आणि ब्रँड न लावता विकायचा हक्क शेतकऱ्याला दिलाय. त्याला हात लावू नका.

झाडीपट्टी: पेटंट कुठे मागितलं मी? नीट वाचा! नाव आणि वाटा मागितला. तुमच्या वडिलांना मोकळ्या हाताने दिलं असेल. म्हणून संस्थेनेही फुकट न्यावं? तुमचं घर त्या भातावर चाललं आणि त्या माणसासाठी एक शब्द निघत नाही तुमच्या तोंडून.

बांधावरचा: घरावर येऊ नका. श्रेय द्यायला हवं होतं, मान्य. वाट्याचं नाही. वाटा कोण वसूल करणार? शेवटी शेतकऱ्याकडूनच ना?

झाडीपट्टी: शेतकऱ्याकडून कशाला? पिशवीवर छापून विकणाऱ्या बियाणे कंपन्यांकडून घ्या. २००१ च्या कायद्यात लाभाच्या वाटपाची तरतूद आहे, वाचा जरा.

एजंट_पुणे: भाताचा वेगळा धागा काढा. इचलकरंजीकर, कलम ५१ खाली कंट्रोलरकडे, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केलात का? सहमालक अडून बसला तर परवाना देण्याबाबत तो निर्देश देऊ शकतो.

इचलकरंजीकर: नाही केला. मामांच्या एजंटने हे कलम कधी सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलंत, कामाचं आहे, एवढं मानतो. पण अडल्या माणसाला 'आधी करार करा' सांगणं मला आजही पटत नाही. फॉर्म कोणता?

एजंट_पुणे: फॉर्म ११. करार आधीच हवा, माझं मत तेच आहे. आणि निकाल लागेपर्यंत नूतनीकरणाची फी चुकवू नका. कारखानदार भरेल या भरवशावर राहू नका. पेटंटच बाद झालं तर परवाना कशाचा देणार?