कोरियातील युद्धकैदी: परतपाठवणी कोणाच्या इच्छेने?

मिरजकर: न्यायप्रेमी यांनी परवा लिहिले की, १९४९ च्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब मायदेशी धाडायला सांगते, तेव्हा १९५०-५३ च्या कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेने पकडलेल्या आणि परत जायला नकार देणाऱ्या चिनी व उत्तर कोरियाई कैद्यांपैकी प्रत्येकाला ‘जायचे आहे का’ असे विचारणे हा वेळकाढूपणा होता आणि त्यांना सांभाळायला तटस्थ म्हणून गेलेल्या भारतीय तुकडीचे तेथे कामच नव्हते. ते वाचून मला राहवले नाही. माझे वडील ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर होते आणि १९५३ च्या हिवाळ्यात कोरियातील हिंदनगर या त्या तुकडीच्या छावणीत कैद्यांना तपासत होते. एकदा हात चिघळलेला एक चिनी पोरगा तंबूत आला. कोपराखाली कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेली होती आणि तिची निम्मी अक्षरे पात्याने खरवडलेली होती. हे कोणी केले, असे वडिलांनी दुभाष्यामार्फत विचारले, तेव्हा तो बोलला नाही. त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या, त्याच्याच कंपाऊंडच्या म्होरक्याकडे होती. वडिलांनी जखम धुऊन पट्टी बांधली. त्या मुलाला घरी जायचे होते की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

न्यायप्रेमी: आपल्या वडिलांविषयी आदर आहे, पण ते कलम इतके कडक का लिहिले गेले, हेही आठवावे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लाखो जर्मन आणि जपानी कैदी सोव्हिएत छावण्यांत वर्षानुवर्षे राबत राहिले. ‘इच्छा’ विचारण्याची फट ठेवली की कैदी अडकवायला निमित्त मिळते. कोरियातील वाटाघाटी याच मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ अडल्या आणि तेवढा काळ माणसे मरत राहिली. माझे मामाही लष्करी डॉक्टर; १९७१ नंतर ते पाकिस्तानी कैद्यांच्या छावणीवर होते. ते सांगत की, सकाळच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना तपासून काही सापडायचे नाही, पण झोप नाही, अन्न जात नाही, छाती धडधडते, ही तक्रार रोजची. त्यांना घर हवे होते, आणि बहुतेकांना १९७३-७४ पर्यंत थांबावे लागले.

गोदाकाठ: मामांचे कैदी घरासाठी आसुसले होते, प्रश्न त्यांचा नाहीच. १ जून १९४५ रोजी ऑस्ट्रियातील लिएंझ येथे प्रार्थनेला जमलेल्या, जर्मनांच्या बाजूने लढलेल्या रशियन कोसॅकांच्या कुटुंबांना ब्रिटिश सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी मारत गाड्यांत कोंबले, कारण सोव्हिएत नागरिकांना परत पाठवायचे, असे दोस्तराष्ट्रांच्या याल्टा परिषदेत ठरले होते. काहींनी द्राव नदीत उड्या घेतल्या. अशी परतपाठवणी मला मान्य नाही.

करवीरवासी: इतके लिहून झाले, पण त्या भारतीय तुकडीचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात आमच्या कोल्हापूरकडचे होते, हे एकालाही आठवू नये, याचे वाईट वाटते. कैद्यांनी तुकडीतल्या मेजर ग्रेवाल यांना धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि त्यांना सोडवून आणले.

न्यायप्रेमी: थोरातांच्या धैर्याबद्दल वाद नाही. मिरजकर, तुमची गोंदणाची गोष्ट मात्र तुमच्याच विरुद्ध जाते. संयुक्त राष्ट्रांच्या छावण्यांत म्होरक्यांनी मारहाण करून कित्येकांना अशा घोषणा गोंदवल्या, म्हणजे त्यांचा घरचा रस्ताच बंद झाला. हीच का ती इच्छा?

मिरजकर: माझ्या दिवंगत वडिलांच्या आठवणीची अशी उलटतपासणी मला लागली. काहींनी आपणहून गोंदवून घेतले होते, हेही ते सांगत. डॉक्टरला कातडीखालची शाई दिसते. ती टोचताना हात कोणी धरून ठेवला होता, ते दिसत नाही. बळजबरी दोन्हीकडून होती, म्हणूनच एकेकाला म्होरक्यांपासून वेगळे काढून तिसऱ्याने विचारणे भाग होते.

न्यायप्रेमी: आणि विचारले किती जणांना? सुमारे २२,६०० कैद्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत ती विचारणा पोहोचलीच नाही. २३ डिसेंबर १९५३ ला विचारणेची मुदत संपली आणि २० जानेवारी १९५४ रोजी, हे काम पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्यांनी उरलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या सेनेकडे परत सोपवायला सुरुवात केली.

मिरजकर: हे खरे आहे, आणि वडिलांनाही ते फार खुपत असे. पण ८८ जण इकडेही नको, तिकडेही नको म्हणाले आणि फेब्रुवारीत आपल्या जवानांबरोबर मद्रासकडे निघाले. कलम शब्दशः पाळले असते, तर त्यांना कोणत्या गाडीत बसवले असते, एवढे सांगा.

न्यायप्रेमी: त्या ८८ जणांना सक्तीने पाठवायला नको होते, एवढे मान्य करतो. बाकीच्या हजारोंबद्दल माझे मत बदललेले नाही.