दुधीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतायत, मधमाशा गायब, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला राहते, गच्चीत पंचवीसेक ग्रो बॅगा आणि कुंड्या आहेत. दुधी, दोडका, लाल भोपळा, वांगी, टोमॅटो, कढीपत्ता आणि चार तुळशी. अजून मार्च संपला नाही तर ऊन चाळीसला टेकलंय, पाणी चार दिवसाआड, तरी वेल मस्त आहेत आणि फुलं पण ढीगभर, पण दुधीची एक कळी टिकेल तर शपथ. बोटाएवढी होते, पिवळी पडते, दोन दिवसात खाली.

आता माझी चूक सांगते, शिव्या घालू नका. फेब्रुवारीत वांग्यावर मावा कीड आली होती, दुकानात विचारलं तर त्यांनी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली दिली, मी फवारलं आणि उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून वांग्याच्या कुंड्यांत ओतलं. मावा गेला खरा. पण टोमॅटोवर निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी यायची, फुलाला लटकून घुंईं करायची, ती दिसेना, आणि सकाळी तुळशीवर गुणगुण असायची ती पण बंद. त्यात सासूबाई मंजिरी आली रे आली की खुडतात, नाहीतर झाड लवकर वाळतं म्हणे, आणि विठोबाला लागते ते वेगळंच.

सध्या व्हिडिओ बघून रोज सकाळी साडेसातला नर फूल तोडून मादीला घासायलेय. भोपळ्याची दोन फळं धरली, दुधीला काहीच नाही! हात तेच, पद्धत तीच, मग हे गौडबंगाल काय आहे?

दुसरं टेन्शन. गेल्या आठवड्यात खाली जास्वंदीत तळहाताएवढं पोळं लागलंय, बारीक माशा आहेत. शेजारचे काका म्हणतात आग्यामोहोळ आहे, घरात लहान पोरं आहेत, रात्री धूर करून काढून टाकू. मला नाही काढायचं हो, इतक्या दिवसांनी माशा आल्यात! पण उद्या पोराला चावली तर बोलणी मलाच. काकांना काय सांगू?

प्रतिसाद, पंढरपूरहून
ताई, सकाळी साडेसातला दुधीचं फूल संपलेलं असतं, तुम्ही शिळं फूल घासताय. दुधी संध्याकाळी उमलते, रात्रभर उघडी राहते, तिचं काम मोठे पतंग करतात, सकाळी कोमेजते. दोडका पण तिन्हीसांजेचाच. भोपळा पहाटे उघडतो म्हणून तुमच्या वेळेत बसला. सात वाजता टॉर्च घेऊन जा, लांब बारीक देठाचं ते नर, खाली इवलीशी दुधी ती मादी. आणि कडक उन्हात नर फुलंच जास्त येतात, त्यामुळं घाबरू नका.

प्रतिसाद, बार्शीकर
काकांना सांगा आग्या माशी मोठी असते आणि तिचं पोळं उंच झाडाला नाहीतर इमारतीला हातभर लांब लटकतं. जास्वंदीच्या फांदीला, तळहाताएवढं, एकच पोळं म्हणजे फुलोरी, छोटी मधमाशी. छेडलं तर चावेल, नाहीतर तिच्या नादी कुणी लागत नाही. धूर अजिबात नको. त्या फांदीपाशी पोरांना चेंडू खेळू देऊ नका एवढंच, आणि फुलोरी काही कायमची राहत नाही, चारा कमी झाला की पोळं सोडून जाते.

औषधाचं मात्र अवघड केलंत. ते मुळातून वर चढतं आणि मधात, परागात उतरतं, म्हणून फवारून विसरता येत नाही. ज्या कुंड्यांत ओतलं त्यांची फुलं सध्या खुडत राहा आणि वांगी खाऊ नका. पुढच्या वेळी मावा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाही गेला तर साबणाचं पाणी, ते पण संध्याकाळी. आणि ढालकिडे दिसले तर काहीच मारू नका, ते मावाच खातात. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर ती लिंबाळी फुलपाखराची, चार पानं गेली तर जाऊ द्या.

प्रतिसाद
माशांसाठी सब्जा लावा, चिवट असतो. कोथिंबीर, बडीशेप फुलावर येऊ द्या. नर्सरीतला गच्च पाकळ्यांचा झेंडू दिसायलाच छान, माशांना त्यात फारसं काही मिळत नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! काल सात वाजता टॉर्च घेऊन गेले, दुधीची फुलं पांढरीशुभ्र उघडी, मी येडी रोज सकाळी मढ्याला घासत होते. तीन मादी फुलं केली, बघू. सासूबाईंशी तह झालाय, दोन तुळशी विठोबाच्या, दोन माशांच्या. काका अजून नाराज आहेत. माशांसाठी मातीच्या परळात खडे टाकून पाणी ठेवलंय, पण दुपारी चहाएवढं गरम होतंय, सावलीत कुठं सरकवू, पत्र्याखाली चालेल का?