मदत हवी आहे: हाडातल्या स्टॅफ इन्फेक्शनला रिफाम्पिसिन का? आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं काय?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. बाबा (वय 66) पावसात स्कूटरवरून घसरले, नडगीचं हाड मोडलं, खाजगी इस्पितळात प्लेट बसवली. टाके काढल्यावर तिथूनच पू येऊ लागला. पुन्हा ऑपरेशन करून जखम धुतली, पण प्लेट ठेवली, कारण ती घट्ट आहे आणि हाड अजून जुळलेलं नाही. आतल्या नमुन्याच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आला, एमआरएसए (म्हणजे त्याचा नेहमीच्या औषधांना न जुमानणारा प्रकार) नव्हे. आधी सेफॅझोलिनची इंजेक्शनं झाली. आता घरी सोडताना रिफाम्पिसिन (टीबीतही देतात ते) आणि लेवोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक्स, दोन्ही तीन महिने.

फार्मसीत चिठ्ठी बघून विचारलं, "टीबी कोणाला झालाय?" आईने ते ऐकलं आणि घरात दुसरा विषय राहिला नाही. चवथीला मुलांना आणू की नको, असा आत्याचा फोनही येऊन गेला.

कल्चरच्या कागदावर दोन्ही औषधांपुढे 'एस' आहे, म्हणजे जंतूवर दोन्ही चालतात. मग एकाने का भागत नाही? शिवाय बाबांना एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडतात) असेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. डिस्चार्ज कार्डवर त्या गोळीचा उल्लेखच नाही. ती या औषधांसोबत चालते का?

प्रतिसाद

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो, औषधं लिहून देत नाही. तरी शेवटचा प्रश्न सगळ्यात तातडीचा, म्हणून तो आधी घेतो. रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम वाढवतं आणि असेनोकुमारॉलचा असर चांगलाच उतरतो, म्हणजे गुठळीची भीती. लेवोफ्लॉक्सॅसिनने उलट आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) कधीकधी चढतो. त्यामुळे अंदाजावर काही करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा. आयएनआर लगेच आणि मग वरचेवर बघावा लागेल. गोळी स्वतःहून वाढवायची नाही. रिफाम्पिसिन बंद झाल्यावर दोनेक आठवड्यांत त्याचा असर ओसरतो. तेव्हा वाढवलेला डोस तसाच राहिला तर रक्तस्राव होऊ शकतो. ही दुसरी बाजू बरेचजण विसरतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांनीही सुटका नाही, त्यांचंही रक्तातलं प्रमाण रिफाम्पिसिनने घटतं.

आता दोन औषधं का. धातूवर हे जंतू बुळबुळीत थर करून चिकटतात आणि आत जवळजवळ वाढायचे थांबतात. बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवर चालतात. रिफाम्पिसिन त्या थरातल्या सुस्त जंतूंनाही मारतं, म्हणून प्लेट न काढता इलाज करायचा तर ते हवं असतं. पण ते एकटं कधीच द्यायचं नाही. जंतूच्या एकाच जनुकात बदल झाला की औषध निकामी होतं, आणि करोडो जंतूंमध्ये असे थोडे आधीपासूनच असतात. त्यांना मारायला लेवोफ्लॉक्सॅसिन. याच कारणाने जखम धुऊन कोरडी झाल्यावरच रिफाम्पिसिन सुरू करतात. तुमच्याकडे क्रम तसाच दिसतोय.

1998 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी धातू आत ठेवून सिप्रोफ्लॉक्सॅसिन (लेवोफ्लॉक्सॅसिनच्याच गटातलं) एकटं आणि रिफाम्पिसिनसह अशी तुलना छापली. उपचार पूर्ण केलेल्यांत जोडीचे 12 पैकी 12 बरे झाले, एकट्याचे 12 पैकी 7. अभ्यास लहान होता, हे माझं मत नोंदवून ठेवतो. आणि जोडी म्हणजे नेहमीच फायदा, असंही नाही. रक्तात पसरलेल्या याच जंतूवर ब्रिटनमध्ये 758 रुग्णांत रिफाम्पिसिन जोडून पाहिलं. 2018 च्या त्या निकालात एकंदर फायदा दिसला नाही. साध्या गळवाला तर जोडीची गरजच नसते.

टीबीचा जंतू वेगळा. औषध दोन्हीकडे लागतं, एवढंच. आत्याला मुलांना खुशाल आणायला सांगा. ड्रेसिंग बदलल्यावर हात मात्र साबणाने धुवा.

प्रतिसाद

माझ्या भावाला हीच जोडी होती. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोळे पिवळे, सतत उलटी किंवा टाचेमागची जाड शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) दुखली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. साठीनंतर शिरेचा त्रास जास्त होतो. रिफाम्पिसिन उपाशीपोटी.

धागाकर्ती

खूप आभार. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले. उद्या म्हापशाला आयएनआर, आणि अस्थितज्ज्ञांशी ते स्वतः बोलणार आहेत. बाबांना हाडासाठी कॅल्शियमची गोळीही आहे, ती सकाळी लेवोफ्लॉक्सॅसिनसोबतच देत होतो. चालेल?

प्रतिसाद

नाही. कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांना ते चिकटतं आणि पोटातून नीट शोषलं जात नाही. लेवोफ्लॉक्सॅसिनच्या आधी किंवा नंतर किमान दोन तास मोकळे ठेवा. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर ढकला.