जपानी पोरं "लाजाळू" नसतात, आपला प्रश्न चुकतो

खडूस खडू
काल एकाने लिहिलंय: "जपानी शाळेत एएलटी (इंग्रजीचा परदेशी सहायक शिक्षक) व्हायला काही येत नसलं तरी चालतं. पोरं लाजाळू, बोलत नाहीत. गेम खेळवा, ५० मिनिटं संपतात." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

३५-४० जणांच्या वर्गात एकालाच उभं करून "व्हॉट डू यू डू ऑन संडेज?" विचारलंत तर तो शेजाऱ्याकडे बघणारच. चुकला तर सगळ्यांसमोर चुकतो ना! आधी ३० सेकंद वहीत लिहू द्या, मग मिनिटभर शेजाऱ्याशी बोलू द्या. त्यानंतर विचारा, तेही शेजाऱ्याबद्दल. चूक वाटली जाते, आणि क्रियापदाचा 'एस' फुकटात घोटला जातो. दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकलंत, तर गप्प बसलं की सुटका, एवढंच पोरं शिकतात.

आणि गेम! शब्दांच्या कारुतात (शब्द ऐकून पत्ता झडपायचा जपानी खेळ) चौघांतलं एक तरबेज पोर सगळे पत्ते उचलतं, बाकीचे प्रेक्षक. पत्ता उचलणाऱ्याने त्या शब्दाचं वाक्य म्हणायचं, नाहीतर पत्ता खाली, असा नियम करा.

नागोयाकर
असहमत. वर्ग एएलटीच्या हातात असतो हे कुणी सांगितलं? कंपनीमार्फत 'ग्योमु इताकु' (काम कंपनीला कंत्राटाने द्यायच्या) करारावर आलेल्याला शाळेतल्या जेटीईने (इंग्रजीच्या जपानी शिक्षकाने) थेट सूचना दिल्या तर ते 'गिसो उकेओइ' (बनावट कंत्राट), म्हणजे बेकायदा. सगळं कंपनीला विचारून. मग एकत्र पाठ आखणार कधी? घंटा वाजते, जेटीई म्हणतो "गेम, प्लीज". वर आठवड्याला साडेएकोणतीस तासांचा करार, शाकाइ होकेन (आजारपण-पेन्शनचा सरकारी विमा) चुकवायला.

कोकमसार
साडेएकोणतीसचं रडगाणं जुनं झालं. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत आठवड्याला २० तास आणि महिना ८८,००० येन भरले की होकेन द्यावाच लागतो.

नागोयाकर
रडगाणं?? ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार कापतात, तो करार एकदा वाचा, मग बोला. लोक जेटवाल्यांकडे (जपान सरकारच्या जेट योजनेतून आलेल्या शिक्षकांकडे) बघून सगळं ठरवतात. १९८७ पासून चाललेली ती योजना, मालक थेट स्थानिक शिक्षण मंडळ, जास्तीत जास्त पाच वर्षं. आणि 'हाकेन' (कंपनीने शाळेला माणूस पुरवायचा) करार असेल तर शाळा थेट सूचना देऊ शकते, हे मान्य. पण करार कुठला हे न विचारता पोराटोरांना "जा जपानला" म्हणू नका.

खडूस खडू
बरं बाबा, ग्योमु इताकुवाल्यांना माफी. धागा पगाराचा होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. 🙏

तिसरी घंटा
दोघेही परीक्षा विसरलात. तोक्योत २०२२ पासून सरकारी हायस्कूलच्या प्रवेशाला ईसॅट-जे ही इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. हेडफोन लावून टॅबलेटशी बोलायचं, १०२० पैकी २० गुण. तिथे शेजारी नसतो, खडूस साहेब.

खरी अडचण काताकानाची, म्हणजे परकीय शब्द लिहायच्या जपानी लिपीची. 'स्ट्राइक' एका टाळीचा शब्द, तिथे पाच टाळ्यांचा: सु-तो-रा-इ-कु. "माझ्यामागे म्हणा" करून सुधारत नाही, पोरं तेच पाच जोरात म्हणतात. शेपटाकडून चढा: राइक, ट्राइक, स्ट्राइक, दर वेळी एकच टाळी.

कोकमसार
आणि 'व्ही'? 'व्हेस्ट' आणि 'बेस्ट' दोन्ही जपानीत 'बेसुतो'. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज पाच सेकंद लांबवायला सांगा. 'ब' लांबवताच येत नाही, त्यामुळे चूक पोराची त्यालाच ऐकू येते.

तिसरी घंटा
युक्ती चांगली आहे. फक्त 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व' लावणाऱ्या मराठी माणसाने वर्गात जाण्याआधी आरशासमोर 'व्हेस्ट-वेस्ट' करून बघावं.

कोकमसार
केलं. घरचे विचारतायत काय झालं म्हणून.