मदत हवी आहे: गावी बाबांसाठी ब्लूटूथचं बीपी मशीन नेलं, घरात रेंज नाही, आणि रीडिंग आलं शेजारच्या काकूंचं

नमस्कार मंडळी,

मी घाटंजी तालुक्यातला, सध्या चाकणला कंपनीत आहे. गावी आई-बाबा दोघंच असतात. बाबांचं वय ६८. मागच्या दिवाळीनंतर, ऐन कापूस वेचणीत, त्यांना लकव्याचा हलका झटका आला. डाव्या हाताची पकड अजून पूर्ण आलेली नाही. डॉक्टरांनी बीपी रोज मोजून वहीत लिहायला सांगितलं. बाबा काही लिहीत नाहीत. आईला आकडे वाचता येतात, पण वरचा कोणता नि खालचा कोणता यात तिची गडबड होते. म्हणून होळीला गेलो तेव्हा ब्लूटूथचं मशीन घेऊन गेलो. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आईच्या मोबाइलमध्ये आणि तिथून माझ्याकडे, असं दुकानदाराने समजावलं होतं.

आमचं घर टिनाचं. घरात फोन कसाबसा लागतो, डेटा मात्र मारुतीच्या पारावरच मिळतो. आई संध्याकाळी पारावर गेली की दिवसभराचे आकडे माझ्याकडे येतात. कधी तीन दिवसांचे एकदम येतात, कधी येतच नाहीत. ॲप सगळं इंग्रजीत. मध्येच "लोकेशन चालू करा" म्हणतं, आई घाबरून मोबाइल ठेवून देते.

गेल्या मंगळवारी रात्री नऊला मी सेकंड शिफ्टला होतो. मोबाइलवर लाल अक्षरात १९२/११० आलं. आईला फोन लावला, लागेना. चुलतभाऊ रात्रीची लाईन असल्यामुळे शेतात ओलितावर होता, त्याला लावला. तो बिचारा मोटार बंद करून चिखलाच्या पायांनी गाडीवर घरी गेला. बाबा सपरीत बसून भाकर खात होते. "मले काहून पाहून राह्यला असा?" म्हणाले.

ते रीडिंग शेजारच्या काकूंचं होतं. आई म्हणाली, "तिचं डोकं दुखून राह्यलं होतं, म्हटलं मोजून पाहू." मोजलं होतं दुपारी तीनला, माझ्यापर्यंत पोचलं सहा तासांनी. माझा जीव भांड्यात पडला, पण नंतर रात्रभर झोप आली नाही. काकूंनी आयुष्यात कधी बीपी मोजलं नव्हतं. आई-काकूंना तो आकडा कळला नाही, मला कळला तर मी सहाशे किलोमीटरवर. आता आमच्या गल्लीतल्या चार-पाच बाया रोज दुपारी मोजायला येतात. त्यांना नाही म्हणा, असं मी आईला सांगणार नाही.

तर मदत हवी आहे ती अशी. रेंज नसताना रीडिंग हरवतात का? घरातल्या दोघांचे नि शेजाऱ्यांचे आकडे वेगळे कसे ठेवायचे? मोठा आकडा आला तर माझ्याऐवजी गावातल्याच कोणाला तरी लगेच कळेल अशी काही सोय आहे का?

अजून एक. घरी बाबांचं १२५ ते १३० येतं. मागच्या महिन्यात वर्ध्याला तपासणीला नेलं तर तिथे १५४/९४ आलं. खरं कोणतं समजायचं? तालुक्याच्या दुकानात एक जण म्हणतो, हे मशीन ठेवा, बीपी नि शुगर दोन्ही दाखवणारं मनगटी घड्याळ घ्या, सुई टोचायचीही गरज नाही. घेऊ का?

मोबाइलवाला_वणी:
दादा, आधी घड्याळाचं. सुई न टोचता शुगर मोजतो म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. अमेरिकेत औषधं नि उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे सेन्सर येतात ते वेगळे, त्यांची बारीक तार कातडीखाली जाते. नावाजलेल्या कंपनीच्या घड्याळातलं बीपीसुद्धा दर २८ दिवसांनी दंडाच्या पट्ट्याशी जुळवून घ्यावं लागतं.

रीडिंग हरवत नाहीत. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही, दहाएक मीटरच्या आत मोबाइल असला की झालं. मोबाइल जवळ नसेल तर मशीन स्वतःच्या मेमरीत आकडे ठेवतं आणि ॲप उघडलं की देतं. नेट लागतं ते तुमच्याकडे पाठवायला. जोडणी मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमधून नाही, ॲपच्या आतून करा. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथचं उपकरण शोधायला लोकेशन चालू लागतं, ॲप तुमचा पत्ता विचारत नसतं. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आहे. ॲपची बॅटरी बचतही बंद करा. स्वस्त मोबाइल मागे चालणारी ॲप मारून टाकतात, तीन-तीन दिवसांचे आकडे एकदम येतात त्याचं हे एक कारण असू शकतं.

मशीनवर दोन माणसांसाठी कळ असेल तर एक बाबांना, दुसरी आईला. शेजाऱ्यांसाठी साधं, बिनब्लूटूथचं मशीन ठेवा. परदेशात आतच सिम असलेली मशीन वापरतात, पण त्यालाही टॉवर लागतोच. ही उपकरणं बनवताना एक माणूस, एक फोन आणि चोवीस तास नेट असंच धरलेलं असतं. आपल्याकडे एका फोनवर अख्खं घर असतं.

सिस्टर_वर्धा:
भाऊ, बाबांचा दंड टेपने मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. मशीनसोबत येणारा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो. शेतातल्या म्हाताऱ्या माणसाचा दंड बरेचदा त्याहून बारीक असतो, आणि पट्टा मोठा पडला की बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दवाखान्यात घाबरून थोडं वाढतं हेही खरं, पण इतका फरक असेल तर आधी पट्टा तपासा.

बाबा खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खातात का? खर्रा, चहा, बिडी झाल्यावर अर्धा तास मोजायचं नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा. हात छातीच्या उंचीवर, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा. घरचं सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. मशीन माजघरात ठेवा. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच चालतात, मे महिन्यात टिनाखाली दुपारी मोजू नका, सकाळी मोजा.

आणि हे मनावर घ्या. लकव्याचं रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचं सीटी स्कॅन करून. तुमच्याकडे सहा तासांनी येणारा आकडा त्या वेळी कामाचा नाही. मशीन गोळीचा डोस ठरवायला आहे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मशीन लावत बसायचं नाही, तुमच्या फोनचीही वाट पाहायची नाही, सरळ १०८ लावायचा. हे आईला, चुलतभावाला आणि त्या बायांना पाठ करून द्या.

काकूंना गोळी सुरू झाली का?

धानपट्टा:
मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे सर्च संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली होती, त्यात लकवा पहिल्या नंबरवर निघाला, दर सात मृत्यूंमागे एक. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या बाया मोजायला येतात हे फार चांगलं आहे, थांबवू नका.

गावातल्या कोणाला कळावं म्हणता, तर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी-शुगरची नोंद त्यांच्याकडे होते, गोळ्या तिथून मिळतात, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून ते डॉक्टरांशी बोलून घेऊ शकतात. मोबाइल तुमच्याकडे पाठवतो तसाच एक कागद त्यांच्याकडे जाऊ द्या. कोरोनात आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या, तेव्हा कोणतं ॲप आपल्याला सांगायला आलं होतं?

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून चुलतभावाला शिवणकामाचा टेप घेऊन पाठवलं. बाबांचा दंड साडेवीस सेंटीमीटर भरला. म्हणजे दोन महिने मी जे आकडे पाहून निश्चिंत होतो ते कमीच येत होते. हे लिहिताना पोटात गोळा येतो आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. खर्रा दिवसाचे दोन होते, बाबांनी एकावर आणतो म्हटलं आहे. आई म्हणते, "तो एक बी मी लपवून ठेवतो."

काकूंना आई उपकेंद्रात घेऊन गेली. तिथे दोनदा मोजलं, १८० च्या वरच निघालं. तिथल्या आरोग्य अधिकारी ताईंनी त्याच वेळी डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू केली. काकू आता रोज सकाळी सपरीत येऊन बसतात आणि आधी पाच मिनिटं कोणालाच बोलू देत नाहीत.

बायांसाठी साधं मशीन मागवलं आहे, सोबत शंभर पानी वही. पुतणी आठवीत आहे, ती नाव, तारीख, दोन्ही आकडे लिहिते, आणि ताई दर बुधवारी गावात येतात तेव्हा ती वही पाहतात. ब्लूटूथवालं आता फक्त बाबांचं. ॲपची बॅटरी बचत बंद केल्यावर गेले चार दिवस आकडे रोज आले.

एक अडलं आहे. १७ ते २२ सेंटीमीटरचा लहान पट्टा घाटंजीत नाही, पांढरकवड्यालाही नाही. यवतमाळला किंवा वर्ध्याला कोणत्या भागात मिळेल? आणि दुसऱ्या कंपनीचा पट्टा आमच्या मशीनला लावला तर रीडिंग बरोबर येईल, की त्याच कंपनीचा घ्यावा लागेल? शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी निघतो आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर वाटेत उतरून घेऊन जाईन.