चर्चमध्ये मधोमध कोण: देव की सत्कारमूर्ती?

जालन्याचा_पोरगा (धागाकर्ता)
आमच्या चर्चच्या मंडळीत परवा हंगामाचा सण झाला, पिकासाठी देवाचे आभार मानायचा. उपदेश आटोपता घेतला, कारण सत्कार राहिले होते. नगरसेवक, शाल, नारळ, फोटो. मग अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव: कोंबडं, भोपळा, केक. बोली चढली की माईकवर घराण्याचं नाव दोनदोनदा. वेदीपुढं ठेवलेली ज्वारी कुणी आणली, हे कुणी विचारलंही नाही. बाहेर फ्लेक्सवर पाळकसाहेब क्रूसापेक्षा मोठे.

बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसतो. श्रीमंत भरभरून टाकतात, विधवा दोन नाणी टाकते, आणि तो शिष्यांना बोलावून तिच्याबद्दल सांगतो. आपला माईक बरोबर उलटा चालतो. त्याच अध्यायात सगळ्यात मोठी आज्ञा आहे: देवावर पूर्ण जिवानं प्रीती कर. माझं म्हणणं एवढंच, सत्कार बंद करा, बोलीत नावं घेऊ नका, बायबलच्या वचनाला वेळ द्या. देवाला त्याच्याच घरात पाहुणा केलाय आपण.

छावणी_गायनमंडळ
भाऊ, लिलावावर खापर कशाला? मिशनऱ्यांचा जमाना गेला. छतावरचे पत्रे, लाईटबिल, पाळकाचा पगार, सगळं आपल्याच खिशातून. विधवेचं दान मोठं खरं, पण श्रीमंताचं घेऊ नका असं येशू कुठं म्हणाला?

माजलगावची_लेक
तुमच्या भांडणात आमची माणसं कुठंच नाहीत. दिवाळी झाली की आमची निम्मी मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाते. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, लेकरं कोपीत. नाताळ फडातच. दिवसभर मोळ्या बांधून, गाडी भरून आल्यावर मोबाईलच्या उजेडात एखादं भजन, तीच उपासना. तिथं सत्कार नाही, म्हणून देव मधोमध आहे म्हणता? असेल. पण लांबलचक उपदेश त्यांना नकोय, लेकरांची शाळा बुडते त्याचं काय, हे विचारणारं कुणीतरी हवंय. याकोबाच्या पत्रात शुद्ध भक्ती कशाला म्हटलंय? अनाथांचा, विधवांचा संकटात समाचार घ्यायला (१:२७).

जालन्याचा_पोरगा
ताई, पटलं, पण अर्धंच. त्याच वचनाचा पुढचा भाग आहे, जगापासून स्वतःला निष्कलंक राखणं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ते प्रशासनानं आणलं, आणि चांगलंच केलं. नुसती सेवाच करायची तर मंडळी हवी कशाला? येशू घरी आला तेव्हा मार्था पाहुणचारात राबत होती, तरी त्यानं तिच्या बहिणीचं, मरियेचं, पायाशी ऐकत बसणं उत्तम म्हटलं.

माजलगावची_लेक
मरिया बसली तेव्हा स्वयंपाक कुणीतरी करतच होतं ना दादा.

उदगीरचा_हिशोबनीस
मला या ‘देव केंद्रस्थानी’चीच भीती वाटते. एका सभेत जमाखर्च मागितला, तर उत्तर आलं, ‘माणसांकडं नको, देवाकडं बघा.’ विषय संपला! प्रेषित पौल करिंथ गावच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात (८:२०-२१) सांगतो की दानाच्या रकमेबाबत आम्ही देवाच्याच नाही, माणसांच्याही नजरेत चोख राहतो. ज्या मंडळीत वही उघडत नाही, तिथं देवाचं नाव पडद्यासारखं वापरलं जातं. फ्लेक्स त्यामानानं निरुपद्रवी.

भजनवेडा
ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. संस्था नको, ख्रिस्त हवा, म्हणून. धागाकर्त्याची तळमळ नवी नाही.

छावणी_गायनमंडळ
आणि १९१९ मध्ये टिळक गेले, दरबार फार चालला नाही. त्यांची भजनं कुणी जपली? ह्याच कमिट्यावाल्या, लिलाववाल्या मंडळ्यांनी. आपल्या जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हा नुसतं वचन नव्हतं दिलं. जमीन मिळवली, गाव उभं केलं. संस्था नावाची गोष्ट इतकी वाईट नसते.

जालन्याचा_पोरगा
संस्थेला नाही म्हणत मी. पुढच्या वर्षी लिलाव कराच, फक्त नावं न घेता, चिठ्ठीवर बोली. मग बघू कोंबडं कितीला जातं.

उदगीरचा_हिशोबनीस
मंजूर. आणि रक्कम त्याच दिवशी फळ्यावर लिहा.

छावणी_गायनमंडळ
लिहू. पत्रे गळायला लागले की मला मात्र फोन करू नका.